बॉस्टनच्या दुकानदाराचा नफा

मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचं नाव निघालं, की आपण धर्मासाठी देश सोडून गेलेल्या प्युरिटनांची गोष्ट सांगू लागतो. ती खोटी नाही. पण कागदोपत्री ही वसाहत म्हणजे एक व्यापारी कंपनी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्याच जातकुळीतली. १६२९ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स यानं तिला सनद दिली, आणि भागधारकांच्या सभा कुठं भरवायच्या हे त्या सनदेत लिहिलेलंच नव्हतं. कंपनीतल्या जॉन विन्थ्रॉप आणि मंडळींनी नेमकं हेच हेरलं. १६३० मध्ये ते सनद घेऊन थेट अमेरिकेत गेले. हेड ऑफिसच समुद्रापार! कंपनीचा गव्हर्नर तोच वसाहतीचा गव्हर्नर, आणि भागधारकांची सभा, म्हणजे ‘जनरल कोर्ट’, तेच कायदेमंडळ आणि न्यायालयही. तिथल्या विधिमंडळाचं नाव आजही तेच आहे. १६३१ मध्ये ठरलं, की मताचा हक्क फक्त चर्चच्या सभासदाला.

हे सगळं रोजच्या व्यवहारात कसं चालायचं, ते रॉबर्ट केन या दुकानदाराकडे बघून कळतं. खाटकाचा मुलगा, लंडनमध्ये पैसा कमावून बॉस्टनला आलेला. १६३९ मध्ये त्याच्यावर आरोप काय, तर खिळे, सोनेरी बटणं असला माल भरमसाट नफ्यानं विकला. जनरल कोर्टानं २०० पौंड दंड ठोकला, मग ८० वर आणला. तेवढ्यानं सुटका नाही. चर्चनंही त्याला जाब द्यायला उभं केलं. त्यानं रडत कबुली दिली. मग जॉन कॉटन या धर्मोपदेशकानं प्रवचनात भावाचे नियमच सांगितले: चालू बाजारभावापेक्षा जास्त घेऊ नये, आणि जहाज बुडून तोटा झाला तर तो गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये. तो ईश्वराचा कोप, सोसावा! मालाची टंचाई असेल तर मात्र भाव वाढवायला हरकत नाही. आता, टंचाई कधी झाली हे ठरवणार कोण, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल.

पुढं याच केनवर शर्मन नावाच्या बाईनं तिची डुकरीण मारल्याचा दावा लावला. १६४२ मध्ये प्रकरण जनरल कोर्टात आलं. बहुतेक मॅजिस्ट्रेट, म्हणजे गव्हर्नर आणि त्याचे सहायक, केनच्या बाजूनं, तर गावोगावच्या प्रतिनिधींपैकी जास्त जण बाईच्या. एवढ्या संतापामागं डुकरिणीइतकेच ते जुने खिळेही असावेत, असं मला वाटतं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, आमच्या संमतीवाचून निकाल नाही. वाद चिघळला आणि १६४४ मध्ये दोन्ही गट वेगळे बसू लागले. द्विसदनी कायदेमंडळ असं जन्माला आलं.

केनला तो दंड शेवटपर्यंत सलत राहिला. १६५३ मध्ये लिहायला घेतलेल्या मृत्युपत्राची तब्बल दीडशेच्या वर पानं भरली, आणि त्यांत खिळ्यांच्या भावाचाही खुलासा आहे. त्याच मृत्युपत्रात बॉस्टनच्या टाऊन हाऊससाठी, म्हणजे नगरभवनासाठी, ३०० पौंड ठेवले: बाजाराला जागा, न्यायालयाला खोल्या, आणि चर्चच्या वडीलधाऱ्यांना भेटायला एक दालन.