बारा वर्षांची सोबत
(अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी! ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे पहिले सामने झाले, ते आठवत असतील. सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ तिथे खेळला. त्याचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच, म्हणून आपल्याकडे त्याचं कौतुकही झालं. हाच संघ एकेकाळी आपल्या सिनसिनाटीचा होता. तेव्हा त्याचं नाव रॉयल्स. आज मला त्या रॉयल्समधल्या मॉरिस स्टोक्सबद्दल बोलायचं आहे.

मॉरिस पिट्सबर्गजवळच्या रँकिनचा. सहा फूट सात इंच उंच, अंगाने दणकट, पण पास असा द्यायचा की छोट्या चणीच्या खेळाडूंनी बघत राहावं. १९५५ मध्ये रॉयल्सने त्याला घेतलं. संघ तेव्हा रॉचेस्टरला होता. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. पुढच्या हंगामात त्याने १,२५६ रिबाउंड घेतले. हुकलेला बॉल इतक्या वेळा त्याआधी लीगमध्ये कुणी मिळवला नव्हता. १९५७ मध्ये संघ सिनसिनाटीत आला.

आणि मग १२ मार्च १९५८. मिनियापोलिसमध्ये लेकर्सविरुद्ध खेळताना मॉरिस पडला, डोकं जमिनीवर आपटलं, शुद्ध गेली. उग्र वासाचे क्षार हुंगवून त्याला शुद्धीवर आणलं आणि तो परत खेळायला उतरला! मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे वाचताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. तीन दिवसांनी डेट्रॉइटला तो पुन्हा खेळला आणि परतीच्या विमानात कोसळला. मेंदूला झालेल्या इजेमुळे सगळं अंग लुळं पडलं, वाचा गेली. बुद्धी मात्र शाबूत होती. वय चोवीस. खेळाडू म्हणून कारकीर्द अवघी तीन हंगामांची.

घरचे लोक पिट्सबर्गला. दवाखान्याची बिलं वाढत चाललेली. बँकेत त्याचेच पैसे होते, पण सही करायला हात उचलत नव्हता. तेव्हा जॅक ट्वायमन पुढे झाला. त्याच संघातला खेळाडू, वय तेवीस, संसार नुकताच सुरू झालेला. त्याने कोर्टात जाऊन मॉरिसचं कायदेशीर पालकत्व घेतलं. जॅक गोरा, मॉरिस काळा, आणि साल १९५८. त्या काळातल्या अमेरिकेत याला काय अर्थ होता, ते इथे पन्नास वर्षं काढलेल्या आपल्या ज्येष्ठांना विचारा.

जॅक स्वतः साधासुधा खेळाडू नव्हता. १९५९-६० च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ३१.२ गुणांची होती. पण मला त्याचं मोठेपण दिसतं ते कागदपत्रांत. सुट्टीच्या काळात तो विमा विकायचा, त्यामुळे अर्ज, कलमं त्याला कळत. इजा कामावर असताना झाली, तेव्हा कामगार म्हणून मॉरिसला भरपाई मिळाली पाहिजे, हे त्याने ओहायो राज्याकडून मान्य करून घेतलं. तरी पैसे कमीच पडायचे. मग न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टिसेलोच्या कुचर्स रिसॉर्टवर दर उन्हाळ्यात मदतीसाठी सामना भरायचा. विल्ट चेंबरलेनसारखे दिग्गज त्यात खेळले. शाळेत असताना विल्टने त्याच हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलल्या होत्या.

मॉरिसशी बोलायची रीत अशी. जॅक एकेक अक्षर म्हणायचा, हवं ते आलं की मॉरिस पापणी मिटायचा. माझ्याकडेही असे रुग्ण येतात. ‘वॉटर’ म्हणायचं तर डब्ल्यूपर्यंत तेवीस अक्षरं म्हणावी लागतात, आणि ते फक्त पहिलं अक्षर. मध्येच पापणी नुसतीच लवली तर पुन्हा ए पासून. तहान लागलेला माणूस आपल्याकडे बघत असतो आणि आपल्याला घाई करता येत नाही. अशा संभाषणाला जॅक वर्षानुवर्षं बसला. पुढे व्यायामाने हाताची बोटं थोडी हलू लागली, मॉरिस टाइपरायटरवर लिहू लागला. त्याने पहिल्यांदा काय लिहिलं? जॅकचे आभार.

६ एप्रिल १९७० ला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हृदयविकाराने मॉरिस गेला. जॅक मात्र थांबला नाही. बास्केटबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये मॉरिसला जागा मिळावी म्हणून तो झटत राहिला. २००४ मध्ये ती मिळाली, आणि मॉरिसच्या वतीने तो मान स्वीकारायला व्यासपीठावर जॅकच उभा होता, सत्तर वर्षांचा. २०१२ मध्ये तोही गेला. पुढच्या वर्षापासून एनबीए सर्वोत्तम सहकाऱ्याला जो पुरस्कार देते, त्याला या दोघांचं नाव आहे.

मंडळी, आपल्या गावातही आई-वडील तिकडे आणि माणूस इथल्या हॉस्पिटलात, अशी वेळ येते. डबा पोचवायला आपण तत्पर असतो. विम्याचे फॉर्म भरायला, फोनवर तासभर ताटकळायला, दुपारी दोन तास नुसतं शेजारी बसायला माणसं हवी आहेत. चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलंय, मंगळवार दुपार माझी. बाकीचे वार रिकामे आहेत.