हुकमाचे ताबेदार

[न्यायालयातलं चित्रण. सुरुवातीला फक्त मूळ आवाज, मग निवेदन.]

३१ मे १९९६. द हेग. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. आरोपीच्या जागी उभा असलेला हा तरुण चोवीस वर्षांचा आहे. नाव द्राझेन एर्देमोविच. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर तो हो म्हणाला. मग त्याला रडू कोसळलं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मला हे करावंच लागलं. मी नाही म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, तुला त्यांचा एवढा कळवळा येत असेल तर तूही त्यांच्या रांगेत उभा राहा, तुलाही गोळी घालतो. घरी बायको होती, नऊ महिन्यांचा मुलगा होता.

ज्या दिवसाबद्दल तो बोलत होता, तो १६ जुलै १९९५. बोस्नियातल्या पिलित्सा गावाजवळ ब्रान्येवो नावाचं लष्कराचं शेत आहे. स्रेब्रेनित्सा हे शहर बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडल्यावर पकडलेल्या मुस्लिम पुरुषांना बसमध्ये भरून तिथे आणत होते. दहा-दहांना खाली उतरवायचं, पाठ करून उभं करायचं, गोळ्या घालायच्या. मग पुढचे दहा. सकाळी सुरू झालेलं हे काम दुपार उलटेपर्यंत चाललं. एर्देमोविचच्या अंदाजाने तिथे बाराशे माणसं मारली गेली. त्याने स्वतः किती? सत्तरच्या आसपास असावीत, असं तो म्हणाला. नेमका आकडा आपल्याला जाणूनच घ्यायचा नाही, हेही म्हणाला.

त्या माणसांमधल्या एका वयस्कर गृहस्थाने सर्बांचे जीव वाचवले होते. त्याला सोडा, असं एर्देमोविचने सांगून पाहिलं. मागे साक्षीदार उरायला नको, म्हणून त्यालाही मारण्यात आलं.

आता एक गंमत नाही, पण विचित्र गोष्ट. त्या शेतावर एर्देमोविचने काय केलं, हे न्यायालयाला कळलं ते त्याच्याच तोंडून. तो स्वतः बोलला नसता, तर त्याच्यावर खटला उभा राहणंच अवघड होतं.

[शीर्षक.]

‘आम्ही काय, हुकमाचे ताबेदार.’ हे वाक्य मराठीत आपण सहज बोलून जातो. कचेरीतला शिपाई बोलतो, कारकून बोलतो. त्यात थोडी लाचारी असते, थोडी सुटकाही. जबाबदारी वरच्याची, आपण मधले. हेच वाक्य बंदूक हातात असलेला माणूस बोलतो, तेव्हा त्याचं काय करायचं, हा प्रश्न कायद्याला फार जुना आहे. १४७४ साली ब्राइझाख शहरात पेटर फॉन हागेनबाख नावाच्या प्रशासकावर खटला चालला. तो म्हणाला, मी माझ्या मालकाचं, बर्गंडीच्या ड्यूकचं ऐकलं. न्यायाधीशांनी ते मानलं नाही आणि त्याचं डोकं उडवलं.

पण तिथून कायदा सरळ रेषेत पुढे आला, असं समजू नका.

पहिल्या महायुद्धानंतरचं लाइपझिग बघा. १९२१ साली तिथे जर्मन न्यायालयासमोर जर्मन सैनिकांचे खटले चालले. एका पाणबुडीच्या कप्तानाने ‘डोव्हर कॅसल’ हे इस्पितळ-जहाज बुडवलं होतं. तो म्हणाला, हुकूम होता, आणि अशी जहाजं शत्रू लढाईच्या कामाला वापरतो असं वरून सांगितलं गेलं होतं. न्यायालयाने त्याला सोडलं. त्याच वर्षी, त्याच न्यायालयात ‘लँडोव्हरी कॅसल’चा खटला आला. तेही इस्पितळ-जहाज, कॅनडाचं. २७ जून १९१८ ला ते बुडवल्यावर पाणबुडीच्या कप्तानाने पुरावा उरू नये म्हणून होड्यांतून जीव वाचवू पाहणाऱ्यांवर गोळीबार करवला. २३४ माणसं गेली. वाचली ती फक्त २४, एकाच होडीतली. कप्तान हाती लागला नाही. उभे राहिले ते त्याचे दोन लेफ्टनंट, दिटमार आणि बोल्ट. इथे मात्र न्यायालय म्हणालं, होडीतल्या असहाय माणसांना मारायचं नसतं हे कुणालाही, अगदी कुणालाही कळतं. हुकमाची सबब चालणार नाही. चार-चार वर्षांची शिक्षा झाली. दोघंही काही महिन्यांतच तुरुंगातून पसार झाले.

म्हणजे तत्त्व भक्कम, तुरुंगाची भिंत कच्ची. या विषयाच्या इतिहासात ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालला त्या न्यूरेंबर्गबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, म्हणून तिथे फार थांबत नाही. तिथल्या सनदेचं आठवं कलम सांगतं की वरिष्ठाच्या हुकमाने जबाबदारीतून सुटका होत नाही, फार तर शिक्षा कमी होऊ शकते. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९४४ सालापर्यंत ब्रिटन आणि अमेरिका यांच्या स्वतःच्या लष्करी नियमपुस्तिका हुकूम पाळणाऱ्या शिपायाला अभय देत होत्या. शत्रूवर खटले भरायची वेळ जवळ आली तेव्हा दोघांनीही ते कलम बदललं. याला ढोंग म्हणायचं की उशिरा सुचलेलं शहाणपण? मला दोन्ही खरं वाटतं.

न्यूरेंबर्गच्या निकालपत्रातलं एक वाक्य मात्र लक्षात ठेवायला हवं. न्यायाधीश म्हणाले, हुकूम होता की नव्हता ही खरी कसोटी नव्हे. खरी कसोटी ही, की त्या माणसाला नैतिक निवड करणं प्रत्यक्षात शक्य होतं का.

शक्य होतं का. हुकूम आणि चाप यांच्यामध्ये थोडीशी जागा असते. पुढचं सगळं त्या जागेविषयी आहे.

[गावाबाहेरचा रस्ता. संध्याकाळचा उजेड.]

२९ ऑक्टोबर १९५६. इस्रायल आणि इजिप्तमधलं सिनाईचं युद्ध त्याच दिवशी सुरू झालेलं. इस्रायलमधल्या काफर कासिम या अरब गावात संचारबंदी लागणार होती, संध्याकाळी पाचपासून. गावच्या मुखियाला हे सांगितलं गेलं साडेचारला. तो म्हणाला, शेकडो माणसं शेतात आहेत, कामावर आहेत, त्यांना निरोप कसा पोचवू? त्यांना आत येऊ देऊ, असं उत्तर मिळालं.

त्याआधी सीमा पोलिसांच्या बैठकीत एका अधिकाऱ्याने हाच प्रश्न आपल्या वरिष्ठाला, मेजर मेलिंकी यांना विचारला होता. ज्यांना संचारबंदीची खबरच नाही, त्यांचं काय? मेलिंकी अरबीत म्हणाले, अल्ला त्यांच्यावर दया करो.

पाच वाजले. माणसं सायकलींवर, गाड्यांतून, पायी घरी परतू लागली. ४८ जण मारले गेले. त्यांत २३ मुलं होती. गाव हा आकडा ४९ सांगतं, कारण मेलेल्या एका बाईच्या पोटात बाळ होतं.

हुकूम एकट्या काफर कासिमसाठी नव्हता. त्याच तुकड्या, तीच संचारबंदी, तोच हुकूम आसपासच्या गावांतही होता. तिथेही माणसं उशिरा परतली. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना घरी जाऊ दिलं.

माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हाच. दुसरा पर्याय नव्हता असं कुणी म्हणालं, तर पर्याय काही किलोमीटरवर घडत होता. आणि तो घडवणारे कुणी संत नव्हते. त्याच गणवेशातली, त्याच बैठकीतून उठून आलेली माणसं होती.

१९५८ साली न्यायाधीश बिन्यामिन हालेवी यांनी निकाल दिला. काही हुकूम इतके उघड बेकायदा असतात, की त्यांच्यावर जणू काळा झेंडा फडकत असतो, असं ते म्हणाले. डोळा आंधळा नसेल आणि काळीज दगडाचं नसेल, तर तो दिसतो. इस्रायली कायद्यात ही काळ्या झेंड्याची कसोटी आजही सांगितली जाते.

आठ जण दोषी ठरले. मेलिंकी यांना १७ वर्षं झाली. पण शिक्षा कमी होत गेल्या, आणि १९६० पर्यंत सगळे बाहेर होते. ज्यांच्या अखत्यारीत तो सगळा विभाग होता, त्या कर्नल शादमी यांना दंड झाला. किती? दहा प्रुता. चिल्लर.

[छायाचित्रं, एकापाठोपाठ. निवेदन थांबून थांबून.]

मी लाई. व्हिएतनाम, १६ मार्च १९६८. अमेरिकी सैन्याची चार्ली कंपनी सकाळी गावात शिरली. शत्रूचे सैनिक भेटले नाहीत. भेटल्या बायका, म्हातारी माणसं, पोरं. व्हिएतनामचा आकडा ५०४ आहे, अमेरिकी लष्कराचा ३४७.

गावावर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरचा वैमानिक होता ह्यू थॉम्पसन. अधिकाऱ्यांमध्ये त्याची पायरी खालची. जमिनीवर जो लेफ्टनंट होता, विल्यम कॅली, तो हुद्द्याने त्याच्या वर. थॉम्पसनने खंदकातली प्रेतं पाहिली. मग लपून बसलेले काही गावकरी आणि त्यांच्याकडे निघालेले अमेरिकी सैनिक दिसले. त्याने हेलिकॉप्टर त्यांच्या मधोमध उतरवलं. आपल्या दोन साथीदारांना, लॉरेन्स कोलबर्न आणि ग्लेन आंद्रेओटा यांना सांगितलं, हे लोक त्या गावकऱ्यांवर गोळ्या झाडायला लागले तर तुम्ही यांच्यावर झाडा. आपल्याच सैन्यावर. मग त्या गावकऱ्यांना त्याने बाहेर काढलं. नंतर आंद्रेओटा खंदकात उतरला आणि प्रेतांमधून एक जिवंत पोर घेऊन वर आला.

खटल्यात कॅलीचं म्हणणं एकच होतं. मला हुकूम होता. १९७१ साली लष्करी न्यायालयाने त्याला किमान २२ खुनांसाठी जन्मठेप दिली. अपिलात त्याच्या वकिलांनी मांडलेला मुद्दा ऐकण्यासारखा आहे. हुकूम बेकायदा आहे हे ओळखण्याची कसोटी ‘साधारण अक्कल असलेल्या माणसा’ची धरू नका, त्याहून कमी अकलेच्या माणसाची धरा. सैन्यात सगळ्या प्रकारचे लोक भरती होतात ना! न्यायालयाने ते मानलं नाही. बहुमताचं म्हणणं असं, की नि:शस्त्र, शरण आलेल्या, लहान मुलांसकट उभ्या असलेल्या माणसांना मारणं चूक आहे, हे कळायला कसलीच खास अक्कल लागत नाही.

मी लाईसाठी एकूण एकच माणूस दोषी ठरला. कॅली. त्याचा कॅप्टन मेदिना निर्दोष सुटला. आणि कॅलीची जन्मठेप? राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या हुकमाने तो तुरुंगातून त्याच्या क्वार्टरमध्ये गेला, तिथे नजरकैदेत राहिला आणि १९७४ मध्ये सुटला. त्याच्या बाजूने पत्रांचा आणि तारांचा पाऊस पडला होता. थॉम्पसनला लोकांनी गद्दार म्हटलं. त्याला पदक मिळालं १९९८ साली, तीस वर्षांनी.

शिपायाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे निवेदन घरात बसून केलेली पंचाईत ठरेल. सैन्यातलं सगळं शिक्षण हे ऐकणं आणि करणं यांच्यातली फट बुजवण्यासाठी असतं. ‘सावधान’ म्हटलं की टाच जुळली पाहिजे, मधे विचार नको. त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे खरंच आहे. महिनोन्‌महिने ती फट बुजवायची आणि मग एके दिवशी न्यायालयाने विचारायचं, तू त्या फटीत थांबला का नाहीस?

तरीही पोलंडमधल्या युझेफोव गावातली ती सकाळ आठवते. १३ जुलै १९४२. जर्मन राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची बटालियन, सुमारे ५०० माणसं. बरेचसे मध्यमवयीन, घरसंसारवाले. त्यांचा मेजर ट्राप डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, आज ज्यूंना मारायचं काम आहे. वयस्करांपैकी ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी पुढे यावं. शिक्षा नाही, धमकी नाही. जागा आयती मोकळी करून दिलेली.

बाराएक माणसं पुढे आली.

संध्याकाळपर्यंत सुमारे १५०० जीव गेले. पुढे युद्धानंतरच्या खटल्यांत बचावाचे वकील वर्षानुवर्षं सांगत राहिले, की नकार म्हणजे मरण. पण नि:शस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून कुणाला गोळी घातली, असं एकही पक्कं उदाहरण त्यांना दाखवता आलं नाही.

[पुन्हा द हेग.]

मग एर्देमोविचचं काय? त्याच्या पाठीशी तर खरोखरच बंदूक होती. निदान त्याचं सांगणं तसं होतं, आणि न्यायाधीशांपुढे पेच तोच होता.

७ ऑक्टोबर १९९७ ला अपिलाचा निकाल आला, तीन विरुद्ध दोन. बहुमत म्हणालं, निरपराध माणसांना मारणाऱ्या सैनिकाला जिवाचा धाक ही पूर्ण सुटका देऊ शकत नाही. शिक्षा कमी होईल, दोष जाणार नाही. विरोधात गेलेले न्यायाधीश अंतोनियो कासेसे यांचा युक्तिवाद असा. ही माणसं एर्देमोविच मेला असता तरी मेलीच असती. त्याच्या मरणाने एकही जीव वाचला नसता. कायद्याने माणसाकडून हौतात्म्य मागू नये.

मी दोन्ही मतं पुन्हा पुन्हा वाचली आहेत. कासेसे यांचं मत मला पटतं. पण मग पुढच्या बसमधल्या दहा जणांना काय सांगायचं, हे त्यात सापडत नाही.

नंतर एर्देमोविचची दहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आली. त्याने इतरांच्या खटल्यांत साक्षी दिल्या. १९९८ च्या रोम कराराने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासाठी मधला मार्ग काढला. हुकूम उघड बेकायदा नसेल आणि शिपायाला तो बेकायदा आहे हे खरंच माहीत नसेल, तर हुकमाची सबब ऐकता येईल. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे मात्र कायमचे ‘उघड’ धरलेले. आणि जिवाच्या धाकाला त्यात वेगळं कलम आहे. कासेसे हरले होते ती जागा थोडी उघडली.

[पडदा काळा. मग रिकामा रस्ता.]

त्या १६ जुलैची एक गोष्ट सांगायची राहिली.

ब्रान्येवोचं काम संपल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने एर्देमोविच आणि त्याच्या साथीदारांना आणखी एक काम सांगितलं. पिलित्सा गावातल्या सांस्कृतिक भवनात आणखी ५०० माणसं कोंडली आहेत, तिकडे चला. एर्देमोविच म्हणाला, मी आता हे करणार नाही. आणखी काही जण त्याच्या बाजूने उभे राहिले.

रांगेत उभा राहा, असं यावेळी त्याला कुणी म्हणालं नाही. ते काम दुसऱ्यांनी केलं.

भवनासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक कॅफे होता. एर्देमोविच तिथे जाऊन बसला. बसल्या जागी त्याला गोळ्यांचे आणि बाँबचे आवाज ऐकू येत होते.