जुना फ्लॅश प्लेअर आणि पहिली वेलांटी

मित्रहो, आजच्या पत्रिकेत 'फ्लॅश प्लेअरच्या जुन्या आवृत्त्यांचे जतन' असा विषय छापला आहे, आणि जे मेले ते जतन कशाला करायचे, असे मला दारातच विचारण्यात आले. अ‍ॅडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी ब्राउझरमध्ये हलती चित्रे आणि खेळ दाखवणाऱ्या या प्लगइनची, म्हणजे जोड-प्रोग्रामची, देखभाल थांबवली आणि 12 जानेवारी 2021 पासून ते स्वतःच काहीही दाखवायला नकार देऊ लागले, हे आपल्याला ठाऊक आहेच. मात्र ही नकारघंटा अखेरच्या काही महिन्यांतल्या आवृत्त्यांतच बसवलेली होती. त्याआधीच्या आवृत्त्यांना आपण मेलो आहोत हे अजून कोणी कळवलेले नाही.

मुद्द्याकडे वळण्यापूर्वी एक जुनी तक्रार मांडतो. ती ऐकल्याशिवाय मुद्दा कळणार नाही, असे निदान मी स्वतःला पटवले आहे. 2004 साली एका संस्थेसाठी मी फ्लॅशमध्ये गडकिल्ल्यांची सीडी करत होतो. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला होता आणि तो माझ्या संगणकावर नीट दिसत होता, कारण अक्षरे जुळवण्याचे काम विंडोज करत होते. तो कोणाच्याही संगणकावर तसाच दिसावा म्हणून मी फाँट फाइलमध्येच अंतर्भूत केला आणि 'किल्ला'मधली पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसली, जोडाक्षरे सुटली आणि 'ल'खाली हलन्त लोंबू लागला. युनिकोडमध्ये 'क' आधी आणि इकार नंतर साठवला जातो. दाखवताना तो डावीकडे आणावा लागतो, आणि त्या काळच्या प्लेअरला अंतर्भूत फाँटच्या बाबतीत ही विद्या अवगत नव्हती. संस्थेच्या चिटणिसांनी पाने पाहिली, 'आपल्याला शुद्धलेखन येत नाही' असा निर्वाळा दिला आणि मुद्रितशोधनाचे पैसे माझ्या बिलातून वजा केले. ते पैसे आजतागायत मिळालेले नाहीत, हे मी येथे नोंदवून ठेवतो.

त्यावर आम्हा सर्वांचा तोडगा एकच होता: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये ओळ टंकायची, ती निवडायची आणि कंट्रोल-बी दोनदा दाबायचे. पहिल्यांदा अक्षरे सुटी होत, दुसऱ्यांदा त्यांच्या नुसत्या आकृत्या होत. वेलांटी जागेवर राही, पण 'किल्ला' हा शब्द उरत नसे, त्याचे चित्र होई. महिन्याभराने कोणी 'पायथा'चे 'पायथ्याशी' करायला सांगितले, की सगळी ओळ पुन्हा टंकणे आले. 2008 मध्ये दहाव्या आवृत्तीत भारतीय लिप्या जाणणारी नवी मजकूर-यंत्रणा आली खरी, पण जुन्या फाइलींतला मजकूर जुन्याच वाटेने दाखवला जात राहिला.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत, तेव्हा मूळ प्रतिपादन आता धावतच सांगतो. प्रत्येक एसडब्ल्यूएफ फाइलच्या, म्हणजे प्लेअर चालवतो त्या फ्लॅश फाइलच्या, चौथ्या बाइटमध्ये आवृत्तीचा क्रमांक असतो आणि प्लेअर तो वाचून आपले वागणे ठरवतो. सहाव्या आवृत्तीपर्यंतच्या फाइलीत मूल्य न दिलेले चल (व्हेरिएबल) बेरजेत शून्य धरले जाई. सातव्यापासून तेथे 'संख्याच नाही' असे उत्तर येते, म्हणजे एखाद्या खेळाचा गुणफलक केवळ या क्रमांकावरून बरोबर किंवा चूक ठरतो. नवव्या आवृत्तीपासून तर एकाच प्लेअरमध्ये आज्ञा चालवणारी दोन आभासी यंत्रे नांदत होती, एक जुन्या फाइलींसाठी आणि एक अ‍ॅक्शनस्क्रिप्ट 3 या फ्लॅशच्या नव्या आज्ञाभाषेसाठी. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर 2020 पासून वापरलेल्या रफलसारख्या अनुकारकाला, म्हणजे प्लेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, या सगळ्या खोडी हुबेहूब वठवाव्या लागतात, आणि त्या वठल्या की नाहीत हे ताडून पाहायला मूळ प्लेअर हाताशी हवा. म्हणून फाइलीबरोबर तिच्या काळची आवृत्तीही जपावी, असे माझे म्हणणे आहे. या आवृत्त्यांत सुरक्षेची भोके भरपूर असल्यामुळे त्या नेटपासून तोडलेल्या संगणकावरच चालवाव्यात. सीडीवरच्या प्रोजेक्टर फाइलीत प्लेअर आतच बांधलेला असल्याने तेथे ब्राउझरही लागत नाही.

बाहेरच्या टेबलावर ती सीडी चालू ठेवली आहे. तिच्या तिसऱ्या पानावर एक इकार अजूनही चुकीच्या बाजूला आहे. तो पाहून कृपया कोणी आजच्या मानधनातून काही वजा करू नये.