बघितलाव का? : सोलापूरच्या पिक्चरवेड्यांची गोष्ट

(दृश्य : यंत्रमागाचा कारखाना. मागांचा आवाज पूर्ण. निवेदन थोडं थांबून सुरू.)

सोलापूरच्या पूर्व भागातला हा चादरीचा कारखाना. माग चालू झाले की इथे शेजारच्यालाही कानाशी जाऊन ओरडून सांगावं लागतं. म्हणून कामगार हातांनी बोलतात. डावीकडच्या मामांकडे बघा. मिशीला पीळ दिला, म्हणजे हिरो दमदार. मुठीवर मूठ आपटली, म्हणजे मारामारी भरपूर. डोळ्याखालून गालावर बोट ओढलं, म्हणजे रडवतो. आणि आता तळहात आडवा धरून हळूहळू खाली नेला. इंटर्व्हलनंतर पडला! समोरच्या मागावरून प्रश्न येतो, तोही हातानंच : पोरांना घेऊन जाऊ का? मामा मान हलवतात. नको.

ज्या पिक्चरबद्दल हे चाललंय तो तेलुगू. मामांची घरची भाषा तेलुगू. विचारणारा मात्र मोहोळकडचा, मराठी. मामांनी सांगितलेला पिक्चर तो डोळे झाकून बघतो, भाषा कुठलीही असो.

पिक्चर बघणारे गावोगाव आहेत. या फिल्ममध्ये आम्हाला दाखवायचेत ते पिक्चर सांगणारे.

(दृश्य : कन्ना चौक, संध्याकाळ. चहाचा गाडा. माणसं एकेक करून जमतात.)

सोलापूर हे गाव सीमेवरचं. 19व्या शतकाच्या अखेरीस इथे कापड गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पूर्व भागात वसले. अक्कलकोट-विजापूरच्या बाजूचा कानडी माणूस तर आधीपासूनच इथला. त्यात उर्दू बोलणारे मोहल्ले. त्यामुळे एका चहाच्या गाड्यावर चार भाषा सहज ऐकू येतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या चारही भाषांत एकच प्रश्न असतो : "काय मालक, बघितलाव का?"

"बघितलो की!"

"मग? कसा हाय?"

इथे नुसतं 'चांगला आहे' म्हणून चालत नाही. हे रिक्षावाले भाई बघा, यांना कुणी पिक्चर विचारला की आधी हेच उलटे प्रश्न विचारतात. शेवटचा कुठला आवडला? कुणाबरोबर बघणार? आई बरोबर आहे का? दुपारी बघणार की रात्री जेवून? मग ग्लास खाली ठेवतात आणि एक प्रसंग सांगतात. एकच. पावसाचा आवाज तोंडानं काढतात, दार उघडतात, दारात कोण उभं आहे ते सांगत नाहीत. "पुढचं तू बघ."

(दृश्य : भाई प्रसंग सांगतायत. ऐकणाऱ्यांचे चेहरे. निवेदन नाही.)

आणि ही या मंडळींची पिक्चरची वही.

(दृश्य : वहीचं पान, जवळून.)

कारखान्यात हजेरीला वापरतात तसली लांबट वही. पुठ्ठ्याला चहाचे गोल डाग. रकाने पट्टी लावून आखलेले : पिक्चर, भाषा, साल, कुणी सांगितला, कुणाला सांगितला. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, 'परत काय दिला'. कुणी तुम्हाला पिक्चर सांगितला आणि तुम्ही तो बघितलात, की तुमच्याकडचा एक त्याला द्यायचा, शक्यतो आपल्या भाषेतला. या मंडळींना मंडळाचं नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. एवढा एक नेम तेवढा आहे, आणि तो कडक पाळतात.

या पानावर बघा. वरची ओळ तेलुगू लिपीत आहे, त्याखाली दुसऱ्या कुणीतरी ठसठशीत देवनागरीत लिहिलंय : शंकराभरणम्, 1980. सांगणारे, मागावरचे मामा. ऐकणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या या ताई.

ताई शास्त्रीय गाणं शिकलेल्या. तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. मामांनी सांगितलं, "ताई, भाषा राहू द्या, कान द्या." के. विश्वनाथ यांचा हा चित्रपट एका मोठ्या, हट्टी गवयाचा. त्या गवयाची भूमिका करणारे जे. व्ही. सोमयाजुलू सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते, हेही मामांनीच सांगितलं, अगदी घरातल्या माणसाबद्दल सांगावं तशा अभिमानानं. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना पार्श्वगायनाचं पहिलं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते याच चित्रपटातल्या गाण्यासाठी. त्या वेळी कर्नाटकात आणि केरळातही लोकांनी तो उचलून धरला.

ताई काय म्हणतात ते त्यांच्याच तोंडून ऐकू.

(दृश्य : ताईंचं घर. तंबोरा. ताई दोन ओळी गुणगुणतात. निवेदन नाही.)

शेवटच्या रकान्यात ताईंनी परत दिलेला पिक्चर : संत तुकाराम, 1936, प्रभातचा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. मामांनी तो घरी नातवाच्या मोबाइलवर बघितला. शब्द सगळे कळले नाहीत, पण अभंगांची चाल त्यांना परकी नव्हती. आषाढीला शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातूनच पंढरपूरला जाते, आणि दिंडी आली की पूर्व भागही रस्त्यावर उतरतो. मामा म्हणतात, "आमच्या दारावरून जाणारी दिंडी पिक्चरमध्ये बघितलो."

(दृश्य : कुंभारी, विडी घरकुल. घराच्या उंबऱ्याशी विड्या वळणाऱ्या बायका. आत टीव्ही.)

मंडळींतलं सगळ्यात जास्त पिक्चर बघितलेलं माणूस गाड्यावर कधीच येत नाही. त्या या अक्का. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हाताशी भिजवून मऊ केलेली पानं. पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. बोटांकडे त्या बघतही नाहीत. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. डोळे मात्र मोकळे. सकाळपासून समोर टीव्ही असतो, आणि टीव्हीवर तेलुगू पिक्चर, जुने नवे सगळे.

आम्ही विचारलं, सासू-सुनेनं एकत्र बघावा असा कुठला? अक्कांनी विडी दुमडता दुमडता चार नावं सांगितली आणि लगेच पाचव्याबद्दल बजावलं, "तो सुनेला एकटीला दाखवा." गल्लीतल्या मुली लग्न ठरलं की यांच्याकडे येतात, परीक्षेत नापास झाल्या तरी येतात. अक्का पिक्चर सांगतात. खरं सांगायचं तर चित्रपटाबद्दल इतकं नेमकं बोलणारं माणूस आम्हाला दुसरं भेटलं नाही. कोणत्या माणसाला कधी काय दाखवावं हे ज्याला कळतं, तो आमच्या मते समीक्षकच. वहीत अक्कांचं नाव इतरांपेक्षा जास्त वेळा आहे. त्या स्वतः लिहीत नाहीत, त्यांची मुलगी येऊन लिहून जाते.

(दृश्य : भैया चौक परिसर, डॉ. कोटणीस स्मारक.)

नवीन माणूस गाड्यावर आला की त्याला पहिला पिक्चर कुठला द्यायचा, हे ठरलेलं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म 1910 चा. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. 1942 च्या डिसेंबरमध्ये ते तिकडेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. पुढच्या चारच वर्षांत व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला, आणि डॉक्टरांची भूमिका स्वतःच केली. रिक्षावाले भाई परगावच्या पॅसेंजरला या चौकातून नेताना पिक्चरची आठवण काढल्याशिवाय पुढे जात नाहीत. बघितला नसेल तर उतरताना नाव लिहून देतात.

दुसरा ठरलेला विषय जिल्ह्यातलाच. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. इथे वाद असतो तो क्रमाचा. ताईंचं म्हणणं, आधी 'फँड्री' द्यायचा, मग 'सैराट'. भाई म्हणतात उलट, आधी गाण्यांवर माणूस आत येऊ दे, मग त्याला 'फँड्री'तला दगड दाखवा. हा वाद आम्ही चित्रीकरणासाठी घडवून आणलेला नाही, तो रोजचा आहे.

(दृश्य : वाद. सगळे एकदम बोलतायत. आवाज तसाच ठेवायचा.)

वादाच्या मध्ये हे कानडी शाळेतले सर शांतपणे आपला मुद्दा मांडतात. 'सैराट'चा कन्नड अवतार 2017 मध्ये आला, 'मनसु मल्लिगे', आणि त्यातही नायिका अकलूजची रिंकू राजगुरूच. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातली मुलगी कानडीतही तीच गोष्ट जगली. सरांच्या विद्यार्थ्यांनी आधी कन्नड बघितला आणि मग मूळ मराठी मागून घेतला. सरांना या गोष्टीचा केवढा आनंद आहे, ते दिसतंच आहे.

(दृश्य : रविवार दुपार. कारखान्याच्या वरची खोली. मांजरपाटाचा पांढरा पडदा ताणतायत. प्रोजेक्टर.)

कारखान्याला सुट्टी असली की वरची ही खोली मिळते. कापडाच्या गाठी भिंतीला सरकवायच्या, खिडक्यांना जाड चादरी लावायच्या. चादरींची टंचाई नाही. पडदा मात्र साधा मांजरपाट, चार कोपऱ्यांना सुतळीनं आवळलेला. वही इथे पुरी पडत नाही. तेलुगू पिक्चर लावला की खोलीतल्या निम्म्या लोकांना भाषा कळत नाही, आणि खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत प्रसंग पुढे गेलेला असतो. म्हणून पडद्याशेजारी खुर्ची टाकून एक माणूस बसतो आणि बोलतो. आज मामा बसलेत.

मामा वाक्याला वाक्य सांगत नाहीत. पात्र बोलून थांबलं, की त्या फटीत चारच शब्द टाकतात. "बाप नाही म्हणतोय." "ही खोटं बोलली." गाण्याचा अर्थ कधी सांगायचा नाही. लोक हसत असताना बोलायचं नाही. पुढे काय होणार ते माहीत असलं तरी आवाजात येऊ द्यायचं नाही, आणि हेच सगळ्यात अवघड, असं मामा म्हणतात. मागच्या खेपेला सर बसले होते. त्यांच्या कन्नड पिक्चरला एवढे शब्द लागले नाहीत, कारण खोलीत कानडी समजणारे बरेच होते.

(दृश्य : अंधारात मामांचा चेहरा, पडद्याचा उजेड त्यावर हलतोय.)

सिनेमातलं हे फार जुनं काम आहे. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' मूक होता. मधे मधे पाट्या यायच्या, हिंदीत आणि इंग्रजीत. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना शेजारचा वाचून दाखवायचा, अर्थ सांगायचा. मूकपटाच्या थिएटरात कोण कुठली भाषा बोलतो यानं काही अडत नव्हतं. मग 14 मार्च 1931 ला 'आलम आरा' आला, पडदा बोलायला लागला, आणि प्रेक्षक भाषेप्रमाणे वेगळा बसायला लागला.

पण त्याच वेळी काय घडत होतं, ते ऐका. पहिला तेलुगू बोलपट 'भक्त प्रल्हाद', एच. एम. रेड्डींचा. तयार झाला मुंबईत. पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना', 1934 चा. चित्रीकरण कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. आणि त्याच कोल्हापुरात 1932 मध्ये प्रभातनं 'अयोध्येचा राजा' केला, मराठीत आणि हिंदीत. म्हणजे तेलुगू आणि कन्नड सिनेमा बोलायला शिकला तो आपल्याच अंगणात. हे सरांनी सांगितलं, तेव्हा गाड्यावर कुणाचा विश्वास बसेना. सरांनी दुसऱ्या दिवशी पुस्तक आणून पान उघडून दाखवलं. आम्हाला हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला हवं होतं असं मनापासून वाटतं. तीन शेजारी भाषांचे चित्रपट एकमेकांच्या घरात वाढलेत. आज मोबाइल आपल्याला आपल्याच भाषेतलं, कालच्यासारखंच दुसरं पुढे करत राहतो. मामांनी ताईंना 'शंकराभरणम्' सांगितला, त्यासाठी ताईंना ओळखावं लागलं. त्यांचा तंबोरा माहीत असावा लागला.

(दृश्य : खोलीतले प्रेक्षक. लहान मुलगी आजीच्या कानात सांगतेय. निवेदन नाही.)

(दृश्य : बंद थिएटर, शटरवर फाटके पोस्टर. मग कारखान्यातले बंद माग.)

शहरातली काही जुनी एकपडदा थिएटरं बंद पडली, मल्टिप्लेक्सचं तिकीट चार जणांच्या कुटुंबाला परवडत नाही. वरच्या खोलीचा कारखानाही विकायला काढलाय, दिवाळीपर्यंतच मुदत आहे.

(दृश्य : मामा, भाई, ताई पडदा घडी करतायत. वही पुन्हा उघडते.)

पुढच्या रविवारची नोंद आज झाली. 'घटश्राद्ध', कन्नड, 1977. दिग्दर्शक गिरीश कासारवल्ली, कथा यू. आर. अनंतमूर्तींची. राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालेला. सांगणारे सर. भाई कुरकुरतायत, गाणी नाहीत, मारामारी नाही. सर म्हणाले, "एका पोराच्या डोळ्यांनी बघायचा पिक्चर आहे भाई, तुमच्या धाकट्याला घेऊन या." भाईंनी धाकट्याचं नाव लिहिलं. मराठीत सांगायला या वेळी खुर्चीवर अक्कांची मुलगी बसणार आहे. तिला कन्नड, तेलुगू, मराठी तिन्ही येतात. आधी ती दोनदा बघून ठेवणार आहे.

पूर्व भागात कुणाकडे रविवार दुपारपुरती मोकळी खोली असेल, पंखा आणि एक प्लग पुरे, तर कन्ना चौकातल्या गाड्यावर येऊन सांगा. संध्याकाळी कुणी ना कुणी असतंच. येताना एखाद्या पिक्चरचं नाव घेऊन या.