रक्तदाबाबरोबर काळजीही विचारा

(सोलापूर येथील ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत एका निवृत्त डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांची ओळख या सभागृहात कोणाला करून द्यावी लागेल असे वाटत नाही, म्हणून थेट माझ्या आग्रहाच्या मुद्द्याकडे येतो. वृद्ध रुग्णाची साखर आणि दाब ज्या नेमाने तपासला जातो, त्याच नेमाने त्याला सध्या कसली काळजी लागली आहे हे विचारले पाहिजे आणि त्याचे उत्तर केसपेपरवर लिहिले पाहिजे. आज होते काय, तर तपासणी संपली की, पुढच्या रुग्णाला आत बोलावता बोलावता, ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगितले जाते. या सल्ल्याने कोणाची काळजी मिटल्याचे मी पाहिलेले नाही. बोलायला तोंड उघडलेला माणूस मात्र ते ऐकून गप्प बसतो.

पूर्व भागातले एक निवृत्त यंत्रमाग कामगार माझ्याकडे येत असत. त्यांची साखर बरीच वर्षे ताब्यात होती, ती अचानक वाढू लागली. एका मोठ्या रुग्णालयात त्यांच्या गोळीची मात्रा वाढवून दिली, काही आठवड्यांनी पुन्हा वाढवली, आणि ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा फाइलवर लिहिला. तो शेरा त्यांना फार लागला होता. मी त्यांना पथ्याबद्दल विचारले नाही. रात्री घरात कोण उठते, एवढेच विचारले. थोडे मराठीत, थोडे तेलुगूत त्यांनी जे सांगितले ते असे: पत्नीला लकवा झाला होता, तिला कूस बदलून देण्यासाठी ते रात्रीतून दोन-तीनदा उठत होते, आणि संध्याकाळची गोळी त्यांनी आपणहून बंद केली होती. रात्री साखर उतरून आपल्याला चक्कर आली तर हिला कोण बघणार, ही भीती त्यामागे होती. म्हणजे भीतीपोटी गोळी चुकत होती, गोळी चुकल्याने साखर चढत होती, साखर चढली म्हणून मात्रा वाढत होती, आणि मात्रा वाढली की भीती आणखी वाढत होती. त्यांची भीती निराधारही नव्हती, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर खरोखरच फार उतरू शकते, आणि वाढवलेली मात्रा त्यांनी इमानाने घेतली असती तर ते नक्कीच धोक्यात आले असते. गोळी बदलली, शनिवार-रविवारची रात्र लेकीने वाटून घेतली, आणि पुढच्या काही महिन्यांत साखर ताळ्यावर आली. या माणसाला बेशिस्त ठरवणाऱ्या त्या शेऱ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता एक प्रश्न विचारतो, हात वर करायला संकोच करू नका. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करणारे किती जण आहेत? बरेच आहेत, आणि काहींचे हात शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनीच वर केले आहेत. मंडळी, एचबीए१सी ही रक्ततपासणी सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे दोन दिवसांचा उपास तिथे उपयोगी पडत नाही. पण डॉक्टर रागावतील या धास्तीने माणूस असे वागतो, हाही ताणच आहे, आणि तो आम्ही डॉक्टरांनी निर्माण केलेला आहे.

ताणाचा परिणाम शरीरावर कसा होतो, हे सांगायचे मी कबूल केले होते. अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. काळजीच्या क्षणी मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात, यकृत साखर रक्तात सोडते, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, नाडी आणि दाब वाढतात. हे प्रसंगापुरते असेल तर उपकारक असते. महिनोन्‌महिने चालले तर तेच आजाराला खतपाणी घालते. अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावरील छोटी जखम भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस अधिक लागले. अभ्यास लहान आहे. पण पायाची जखम महिनाभर सांभाळणाऱ्या मधुमेही माणसाला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उदासीनता, म्हणजे नैराश्याचा आजार, ओळखताना अडचण ही येते की झोप उडणे, भूक मंदावणे, थकवा ही लक्षणे मूळ आजाराचीही असतात. म्हणूनच वृद्धांसाठी तयार केलेल्या, १५ प्रश्नांच्या प्रचलित प्रश्नावलीत अशा शारीरिक तक्रारींपेक्षा ‘आयुष्य रिकामे वाटते का’, ‘असहाय वाटते का’ अशा मनाच्या प्रश्नांवर भर आहे. त्यांची उत्तरे हो किंवा नाही एवढीच द्यायची असतात. त्यातून निदान होत नाही, पण डॉक्टरांना पुढे काय विचारायचे ते कळते. याच्या उलट चूकही होते. अचानक घाम, धडधड आणि थरथर झाली की घरचे ‘घाबरलात’ म्हणतात. मधुमेही माणसाची साखर मात्र आधी तपासा, ती उतरलेली असू शकते.

उरलेले झटपट सांगतो. डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्या पिशवीत घालून न्या, आणि न घेतलेल्या गोळ्याही दाखवा. कोणती गोळी का सोडली, हे न लपवता सांगा. घरात कोणाची शुश्रूषा करत असाल, तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, तिने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. मनाचे बोलायचे असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. दोन्ही क्रमांक दारापाशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत, ते जाताना उतरवून घ्यावेत.