टोकेलाऊचा वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

आज जरा लांब जायचं आहे. प्रशांत महासागरातल्या सामोआच्या आपिया बंदरातून बोटीत बसायचं, एक अख्खा दिवस आणि वर काही तास लाटा खायच्या, तेव्हा कुठे टोकेलाऊ दिसतं. दुसरा इलाज नाही, विमानतळच नाही. मोठी बोट लागेल असं बंदरही नाही. ती प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबते आणि माणसं, पोती, औषधं छोट्या होड्यांतून किनाऱ्याला लागतात.

अटाफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन कंकणाकृती बेटं. तिन्ही मिळून जमीन जेमतेम बारा चौरस किलोमीटर, वस्ती दीड हजाराच्या आसपास. नदी नाही, ओढा नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं. वाळूसारख्या जमिनीत नारळ आणि नीरफणस येतात, बाकी फारसं काही पिकत नाही. फाकाओफोवर तर डुकरंसुद्धा उथळ पाण्यात उतरून शिंपले शोधतात!

मला मात्र सांगायचंय ते तिथल्या ‘इनाती’बद्दल. गावानं मिळून मासे धरले की ते थेट कुणाच्या घरी जात नाहीत. मोकळ्या जागेत मांडतात. वाटणारे ठरलेले असतात. घरटी माणसं मोजून ते वाटे लावतात आणि पोरं येऊन आपापल्या घरचा वाटा उचलतात. आपल्याकडे कोकणात रापण ओढणाऱ्याला वाटा मिळतो. इथे जाळ्याला हात न लावलेल्या म्हातारीलाही मिळतो. याला भाबडेपणा म्हणू नका. एवढ्याशा जमिनीवर शेजारचं घर उपाशी राहिलं, तर बाकीच्यांनी तोंड लपवायचं कुठे?

कारभारातही वाटणीच. राजधानी अशी नाहीच. तिन्ही बेटांचे प्रमुख आळीपाळीनं ‘उलू’ होतात, म्हणजे सगळ्या टोकेलाऊचे प्रमुख. पूर्वी विजेसाठी डिझेलची पिंपं बोटीनं यायची, 2012 मध्ये जवळजवळ सगळी वीज सूर्याची झाली.

1926 पासून कारभार न्यूझीलंडकडे आहे. स्वयंशासन हवं का, यावर 2006 आणि 2007 मध्ये सार्वमत झालं. अट दोन तृतीयांश मतांची. दुसऱ्या खेपेला 446 जण ‘हो’ म्हणाले, सोळा मतं कमी पडली. न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले टोकेलाऊकर बेटावरच्यांच्या कितीतरी पट. त्यांना मात्र मत नव्हतं.