सुपारी फुटल्यावर बोलायच्या गोष्टी

श्रोतेहो, नमस्कार.

सुपारी फुटली की आपल्याकडं सगळं घर कामाला लागतं. हॉल, बस्ता, पत्रिका, मानपान. ज्या दोघांचं लग्न, त्यांना मात्र निवांत बोलायला कुणी बसवत नाही. "रात्र रात्र मोबाईलवर बोलतात की!" असं घरचे म्हणतात. बोलतात खरं, पण पगारातलं घरी किती द्यायचं, अंगावर कर्ज किती, हे त्यात येत नाही.

म्हणून साखरपुडा झालेल्या आणि नव्यानं संसार मांडलेल्या जोडप्यांनी एकत्र बसावं, असं मला कळकळीनं वाटतं. पाच-सहा जोडपी, एक जाणकार समुपदेशक, दोन तास. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा पहिला नियम. एखादी नवी सून म्हणते, "घरच्यांसमोर हे माझी बाजूच घेत नाहीत." समोर बसलेला, लग्न ठरलेला मुलगा ते ऐकतो. बोट त्याच्याकडं नसतं, म्हणून तो नीट ऐकू शकतो. हेच बोलणं घरी बायकोनं काढलं तर भांडण होतं.

आपल्या सीमाभागात तर बोलण्यासारखं जास्तच आहे. चंदगडची, गडहिंग्लजची मुलगी निपाणीत, बेळगावात येते. माहेर तासाभरावर, पण राज्य बदलतं. पंचायतीचा कागद, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. साध्या अर्जासाठी तिला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं. ती कन्नड शिकेल का, शिकवणार कोण? मुलं मराठी शाळेत, कन्नड की इंग्रजी? नवरा गोव्याला किंवा पुण्याला नोकरीला असेल, तर ती त्याच्याबरोबर जाणार की सासरी राहणार? अक्षता पडायच्या आधी हे विचारायला हवं.

कॅथलिक कुटुंबांना हे नवं नाही. चर्चमध्ये लग्नाआधी जोडप्यांची तयारी करून घेतात. ही रीत इतरांनीही उचलावी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. जिथं मारहाण आहे, हुंड्याची मागणी आहे, तिथं हा उपाय नाही. अशा मुलीला नवऱ्याशेजारी चारचौघांत बसवून बोलतं करू नका, घरी गेल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागेल. हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही 1961च्या कायद्यानं गुन्हा आहे. 181 या महिला हेल्पलाइनवर तिला मदत मागता येते.

दिवाळीला बाहेरगावची मुलं घरी येतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्तही नसतात. महिला मंडळानं, तरुण मंडळानं त्या दिवसांत शाळेचा एक वर्ग मागून घ्यावा. त्या दोन तासांत वडीलधाऱ्यांनी आत यायचं नाही, एवढं आधीच ठरवून टाकावं.